कौटिल्याचा ‘फलाम्ल’ : घरगुती फलमद्याविषयीं एक टिपण

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा होय. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयाच्या स्वाधीन केलेल्या ताडपत्री पोथीवरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून काढला. आमच्या पाहण्यांत जें लेखन आलें त्यांत या अध्यायाचा उपयोग बहुधा राजाचा मक्ता व पानागारांची व्यवस्था दाखविण्याकडेच झालेला आहे. अध्यायाच्या अखेरीस करपात्र पेयांची एक लहानशी यादी आहे, व तींत ‘फलाम्ल’ असा शब्द येतो. हा शब्द येथें आंबट फळांचा वाचक नसून, फळें आंबवून केलेल्या पेयाचा वाचक आहे, व तें पेय मुख्यतः गृहस्थांच्या घरचें असावें, असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें खालीं देत आहों.

प्रथम मूळ नियम पाहूं. सुराध्यक्षानें नेमून दिलेल्या जागेखेरीज अन्यत्र मद्य करणारा, घेणारा व विकणारा या तिघांसहि ६०० पणांचा दंड सांगितला आहे. एवढेंच वाचून ग्रंथ मिटल्यास घरीं मद्य करण्यास सर्वथा बंदी होती असा ग्रह होतो, आणि तसा तो पुष्कळांचा झालेला आहे. परंतु त्याच अध्यायांत पुढें स्पष्ट सांगितलें आहे कीं, कुटुंबवत्सल गृहस्थांनीं घरच्या कार्यप्रसंगीं श्वेतसुरा करावी, व औषधासाठीं अरिष्ट किंवा अन्य कांहीं करावें. उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगीं तर चार दिवसांची मोकळीक आहे. सुरा व किण्व यांच्या विचयाचें, म्हणजे निवडण्याचें काम स्त्रिया व मुलें यांजकडे सोंपविलें आहे, तेंहि आमच्या मतें या कलेचें मूळ घरांत होतें याचेंच द्योतक आहे. सारांश, मक्ता होता, पण त्याला घरगुती अपवाद होता.

आतां कृतींकडे वळूं. मेदकाची कृति चोख दिली आहे : पाणी १ द्रोण म्हणजे १६ प्रस्थ, तांदूळ अर्धा आढक म्हणजे २ प्रस्थ, आणि किण्व ३ प्रस्थ. फळांच्या मद्यापैकीं आसवाची कृति मात्र अडचणीची आहे. कवठ १ तुला म्हणजे १०० पळें, फाणित, म्हणजे आपली काकवी, ५ तुला आणि मध १ प्रस्थ, एवढेंच तींत सांगितलें आहे. मसाला व बीजबंध पुढें निराळे येतात. पण पाण्याचें नांव नाहीं! कवठाच्या पांचपट काकवी घेतली तर त्या मिश्रणांत शर्करा निम्म्याहून अधिक होते, आणि इतक्या दाट गोडींत सामान्य किण्वाणूंस वाढ होणें कठीण पडतें. गुळाचा पाक व मुरांबा टिकतो तो याच कारणानें. तेव्हां पाणी गृहीत धरलेलें आहे यांत आम्हांस शंका वाटत नाहीं. ज्यास हातखंडा आहे त्याच्यासाठीं केलेली ही खूण आहे, नवशिक्यासाठीं लिहिलेली पूर्ण कृति नव्हे. पोथ्यांतील पाककृति वाचणारांनीं हें नेहमीं ध्यानांत ठेवावें. लेखकास जें सर्वविदित वाटतें तेंच तो गाळतो.

आंब्याच्या सहकारसुरेचे प्रकार कौटिल्य केवळ नांवानिशीं सांगतो. द्राक्षाच्या रसास तो ‘मधु’ म्हणतो व त्यास कापिशायन आणि हारहूरक अशीं देशांवरून पडलेलीं नांवें देतो. पाणिनीनें कापिशी नगरावरून हाच शब्द साधण्यास स्वतंत्र सूत्र केलें आहे. ती कापिशी म्हणजे अफगाणिस्तानांतील बेग्राम. म्हणजे उत्तम द्राक्षमद्य दूरदेशच्या नांवानें ओळखलें जाई. इकडच्या गृहस्थास आपल्या रानांतील व परसांतील फळांवरच भागवावें लागे. तीं फळें कोणतीं, हें चरकाच्या सूत्रस्थानांतील पंचविसाव्या अध्यायांत पाहावें. तेथें धान्य, फळ, मूळ, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वचा व शर्करा अशा नऊ योनींपासून होणारीं ८४ आसवें मोजलीं आहेत, आणि त्यांत एकट्या फळांचीं २६ आहेत. द्राक्ष व खजूर यांच्या जोडीला आंवळा, जांभूळ, कवठ, बोरांच्या तीन जाति, चारोळी, फणस, फालसा, शिंगाडा, इतकेंच काय, वड, पिंपळ व उंबर यांचींहि फळें तेथें आहेत. सहकारसुरेचा आंबा मात्र या २६ मध्यें नाहीं, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. इतकीं फळें एका यादींत येतात तीं कोणा एका वैद्याच्या कल्पनेनें नव्हेत. पिढ्यान् पिढ्या मडक्यांत घालून पाहिल्यावांचून उंबराचें आसव कोणास सुचेल?

आतां मूळ शब्दाकडे येऊं. कोष्ठागाराध्यक्षाच्या, म्हणजे पंधराव्या, अध्यायांत ‘फलाम्लवर्ग’ येतो. तेथें वृक्षाम्ल (ज्यास आमचे वैद्य कोकंब समजतात), करवंद, आंबा, आंवळा, महाळुंग, बोर, फालसा इत्यादि फळेंच विवक्षित आहेत, यांत वाद नाहीं. यावरून सुराध्यक्षाच्या यादींतील फलाम्लहि फळेंच असावींत असें कोणी म्हणेल. परंतु या यादींत सुरका, मेदक, अरिष्ट व मधु यांच्यापुढें आणि अम्लशीधूच्या मागें तो शब्द बसला आहे. दोहों बाजूंस मद्यें असतां मध्येंच करवंदांची पाटी कशी येईल? दुसरें असें कीं, फळांची जकात शुल्काध्यक्षाच्या बाविसाव्या अध्यायांत सांगून झाली आहे व ती षष्ठांश आहे. येथील दर शेंकडा ५ आहे, व तो राजपण्य नसलेल्या मालावर आहे. एकाच वस्तूवर दोन अधिकारी दोन दरांनीं कर घेतील हें संभवत नाहीं.

फलाम्ल म्हणजे फळांचा सिरका असेंहि म्हणतां येईल, व ही शंका अधिक विचारार्ह आहे. सिरक्यास पंधराव्या अध्यायांत ‘शुक्त’ असें स्वतंत्र नांव आहे. परंतु त्या शुक्ताची कृतिच आमच्या मतास पुष्टि देते. उंसाचा रस, गूळ, मध, काकवी, जांभूळ किंवा फणस यांपैकीं एक घेऊन तो मेषशृंगी व पिंपळी यांच्या काढ्यांत आंबवावा आणि महिना, सहा महिने किंवा वर्षभर ठेवावा, असें तेथें आहे. सुराध्यक्षाच्या अध्यायांतील मैरेयांतहि मेषशृंगी, गूळ व पिंपळी हींच येतात. म्हणजे भांडें एकच, सामग्री जवळजवळ एकच. फरक मुदतीचा व हवेचा. फळांचा रस आधीं मद्य होतो, आणि वारा लागून राहिला तर मग त्याचा सिरका होतो. या दुसऱ्या पालटाचें कारण सजीव सूक्ष्म जंतु आहेत हें फ्रान्सांत पाश्चर यानें १८६४ सालीं दाखविलें. पालट होतो हें मात्र कोष्ठागाराच्या कारकुनासहि ठाऊक असावें. अम्लत्वाकडे झुकलेलें, पण अद्याप सिरका न झालेलें जें पेय, तेंच फलाम्ल, असा आमचा तर्क आहे.

या तर्काची परीक्षा चुलीपाशीं करावी असें मनांत येतें, परंतु १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा, जो आज महाराष्ट्राच्या नांवानें चालतो, परवान्यावांचून तसें करूं देत नाहीं. गंमत अशी कीं, याच कायद्यांतील मद्यार्कयुक्त औषधांस लागू होणारा भाग सर्वोच्च न्यायालयानें १९५१ सालीं बलसारा यांच्या खटल्यांत रद्द ठरविला. औषधाचा अपवाद कौटिल्यानें आधींच लिहून ठेवला होता; कार्यप्रसंगाच्या श्वेतसुरेस मात्र नव्या कायद्यांत जागा मिळाली नाहीं.

तेव्हां आमची मदार पुनः कागदांवरच आहे. ज्यांच्या संग्रहीं वैद्य घराण्यांचीं बाडें असतील त्यांनीं आसवारिष्टांचीं पानें एकदां चाळून पाहावींत, आणि फळाचें नांव, पाण्याचें प्रमाण, मुरविण्याचे दिवस व मडक्याचें तोंड कशानें बंद करीत, एवढ्या चार गोष्टी जशाच्या तशा उतरून मंडळाकडे पाठवाव्या. त्यांतहि पाण्याचें प्रमाण कोठें लिहिलें नसेल, तर तेंहि अवश्य कळवावें.