सरदेशमुखीची कुळकथा

1719 साली पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून साताऱ्याला परतले, तेव्हा शाहू महाराजांच्या पदरात तीन हक्क पडले: स्वराज्य, दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि त्याच सुभ्यांची सरदेशमुखी. चौथाईवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. सरदेशमुखी मात्र वसुलावरचा दहा टक्के जादा कर म्हणून एका ओळीत उरकली जाते. मला मराठी राज्याची जडणघडण तिच्यातच अधिक स्पष्ट दिसते. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार स्वारांची चाकरी कबूल करावी लागली होती. सरदेशमुखी हे छत्रपतींचे वंशपरंपरेचे वतन होते. साम्राज्य होऊ पाहणारी सत्ता आपला हक्क परगण्यातल्या देशमुखाच्या भाषेत मांडत होती.

ही भाषा आली गावगाड्यातून. गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यात देशमुख-देशपांडे. वतनात जमिनीइतकाच मान मोलाचा: होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. वतन विकता येई, भावाभावांत त्याच्या तक्षिमा पडत आणि वाद पेटला की गोतसभा बसून महजर करी. त्यावर कुणबी नांगराची निशाणी करी. बहमनी बुडाली, वाईला आदिलशाही सुभा आला नि गेला, वतने मात्र राहिली. टिकणारी सत्ता वतनासारखी असते, ही समज अशी पिढ्यांच्या अनुभवातून मुरली. या वतनव्यवस्थेची झळही सांगितली पाहिजे. महाराच्या वतनात मानापेक्षा राबणूकच होती. 1928 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले, ते या वेठीतून सुटका व्हावी म्हणून.

शिवाजी महाराजांनी तर देशमुखांचा जोर मोडला आणि चाकरीला रोख पगार दिला, मग वतनाच्या संस्कृतीचा पगडा कुठे राहिला, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. पण बाहेरच्या मुलखावर हक्क सांगताना खुद्द महाराजांनीही सरदेशमुखीच मागितली. वतनदारांना आवरणारा राजा दख्खनचा सगळ्यात मोठा वतनदार म्हणून उभा राहिला, कारण रयतेला आणि सरदारांना पटेल असा दुसरा आधार हाताशी नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे चालत आलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांना राज्याचे दायाद म्हटले आहे. दायाद म्हणजे वाटा मागणारे भाऊबंद. राज्य घरासारखे वाटले जाईल, ही भीती त्या कारभाऱ्याने नेमकी ओळखली होती.

साताऱ्यात तसेच झाले. चौथाईतला चौथा हिस्सा राजाची बाबती, सहा टक्के सहोत्रा पंतसचिवांचा, तीन टक्के नाडगौंडा, उरलेला मोकासा सरदारांचा. यातला नाडगौंडा तर उघडच परगण्याच्या वतनदाराच्या नावावरून आलेला. पेशवेपद 1713 साली बाळाजींना, 1720 साली मुलाला, 1740 साली नातवाला मिळाले. प्रतिनिधिपदही घराण्यातच राहिले. यावर नेहमीचे उत्तर असे, की औरंगजेबाशी झुंजताना खजिना रिता झाला, राजाराम महाराजांना जिंजीहून मुलूख तोडून द्यावे लागले, आणि शाहू महाराज मवाळ होते. खजिना रिता होता, हे खरेच. पण त्यामुळे पगाराऐवजी मुलूख का दिला एवढेच कळते; तो मुलाकडे का गेला, हे कळत नाही. मोगलही जमीनच तोडून देत, तरी त्यांच्या जहागिरी काही वर्षांनी बदलत आणि मनसबदार एका सुभ्यातून दुसऱ्यात जाई. दोन्हीकडे साधन एकच होते, मग निकाल वेगळा लागला तो हक्काच्या कल्पनेमुळे, असे मी मानतो. राजाच्या स्वभावाने या ओढीला वेग आला असेल. तिची दिशा आधीच ठरलेली होती.

सांगली संस्थानाचा जन्मच याची साक्ष देतो. पटवर्धनांचा मिरज सरंजाम लष्करी चाकरीसाठी होता. कायद्याने तो सरकारने हवा तेव्हा काढून घ्यावा. प्रत्यक्षात चिंतामणराव आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांच्यात वाद लागला आणि 1801 साली चिंतामणरावांनी सांगलीला वेगळी गादी केली, जशी दोन भावांत पाटीलकी वाटली जावी तशी. पुढे मिरजेचेही भाग पडले, आणि त्या संस्थानांना लोक थोरली पाती नि धाकटी पाती म्हणू लागले.