ॲझ्टेक : टाकून दिलेलं नाव

इतिहासाच्या पुस्तकात भेटणारे ॲझ्टेक स्वतःला सहसा ॲझ्टेक म्हणवत नसत. ते होते ‘मेशिका’. मेक्सिको हे देशाचं नाव त्यावरूनच पडलं. मग ॲझ्टेक आलं कुठून?

त्यांच्या नाउआत्ल भाषेत ‘अस्तेकात्ल’ म्हणजे अस्त्लानचा माणूस. आपल्याकडे कोल्हापूरचा तो कोल्हापूरकर; तिकडे ‘कर’च्या जागी ‘तेकात्ल’. अस्त्लान हे दंतकथेतलं मूळ गाव. त्याचा अर्थ ‘बगळ्यांची जागा’ असा लावतात. गंमत अशी की, दंतकथेनुसार गाव सोडल्यावर देवानेच त्यांना बजावलं होतं की जुनं नाव टाका, आता तुम्ही मेशिका.

१५२१मध्ये स्पॅनिशांनी त्यांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकली. टाकलेलं नाव पुन्हा चलनात आलं ते बऱ्याच उशिरा. १८१०च्या सुमारास जर्मन प्रवासी-अभ्यासक हम्बोल्ट यांनी ते वापरलं आणि प्रेस्कॉट यांच्या १८४३च्या इतिहासग्रंथाने ते घरोघर पोचवलं.

नाउआत्ल मात्र संपली नाही. १५ लाखांहून अधिक लोक ती आजही बोलतात. आणि थोडी आपणही बोलतो! तिथल्या ‘तोमात्ल’चं स्पॅनिशमध्ये ‘तोमाते’ झालं, इंग्रजीतून ते टोमॅटो होऊन आपल्या मंडईत उतरलं. ‘आवाकात्ल’चा ॲव्होकाडो झाला. शेपटीचा ‘त्ल’ तेवढा वाटेत गळला.