मेंदूंतील लगाम

कांहीं वर्षांपूर्वीं वाशीम जिल्ह्यांतील एका खेड्यांत लग्नास गेलों असतां मांडवांत एका दहा-बारा वर्षांच्या मुलीस आमच्या देखत फेंफरें आलें. कोणी तिच्या नाकाशीं चप्पल धरली, कोणी कांदा फोडून आणला, कोणी ‘बाहेरचें’ आहे असें सांगून मोकळा झाला. दोन-तीन मिनिटांत झटके आपोआप थांबले. मुलीच्या आईनें मात्र आम्हांस बाजूस घेऊन हात जोडले : “कोनाले सांगू नका सर, पोरीचं लगन व्हाचं हाये अजून.” त्या माउलीच्या भयाचें उत्तर शरीरशास्त्राच्या इतिहासांत आहे, असें आम्हांस वाटतें, म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

मेंदूचें काम म्हणजे अवयवांस चेतविणें, अशी सामान्य समजूत असते. तीस मोठा धक्का १८४५ सालीं बसला. वेबर बंधूंनीं मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या एका मज्जातंतूस विजेनें उत्तेजित केलें, तों हृदय अधिक धडधडण्याऐवजीं थांबलें. १८६३ सालीं रशियन शास्त्रज्ञ सेचेनोव्ह यानें असें प्रसिद्ध केलें कीं, बेडकाच्या मेंदूवर मिठाचा खडा ठेविला असतां त्याच्या पायाची प्रतिक्षिप्त हालचाल मंदावते. पुढें इंग्लंडांत शेरिंग्टन यानें दाखविलें कीं, एक स्नायु आंखडतांना त्याच्या विरुद्धचा स्नायु सैल सोडला जातो, आणि ही आवरण्याची क्रिया चेतविण्याच्या क्रियेइतकीच खरी असते. १९३२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां व्याख्यानास त्यानें हाच विषय घेतला.

परंतु हा लगाम खेंचला जातो तो कशानें? शेरिंग्टनचा शिष्य एकल्स याचें मत असें कीं, हें सारें विजेचेंच काम. रासायनिक द्रव्याचा त्यांत संबंध नाहीं. १९५१ सालीं न्यूझीलंडांतील ड्युनेडिन येथें त्यानें मांजराच्या पाठीच्या कण्यांतील मज्जापेशींत कांचेची अतिसूक्ष्म नळी घालून मोजमाप केलें, आणि उत्तर त्याच्या उपपत्तीच्या नेमकें उलट आलें. त्यानें अनेक वर्षें हिरीरीनें मांडलेलें मत सोडून दिलें. १९६३ सालीं त्यासहि नोबेल पारितोषिक मिळालें.

यापुढील शोधांत आपल्या कोंकणांतील काजरा उपयोगीं पडला. त्याची बी, म्हणजे वैद्यांचा कुचला, जबर विषारी. वैद्यहि ती शुद्ध करूनच अल्प मात्रेंत देतात. १८१८ सालीं पॅरिस येथें पेल्तिए व काव्हाँतू यांनीं याच कुळांतील बियांपासून स्ट्रिक्नीन हें विष वेगळें काढलें. तें ज्यास बाधतें त्यास नुसता स्पर्श झाला किंवा दार वाजलें तरी त्याचें सर्वांग धनुष्यासारखें ताठतें. हें विष स्नायूंस नवें बळ देत नाहीं. कण्यांतील लगाम तोडतें. परंतु मेंदूच्या बाहेरील सालींत, जेथें आपला विचार व संवेदना घडतात तेथें, एकेका पेशीजवळ हें विष सोडून पाहिलें तरी लगाम तुटेना. अर्थात् तेथील आवरणारें द्रव्य निराळें असलें पाहिजे. तें द्रव्य १९५० सालींच मेंदूंत सांपडलें होतें. त्याचें संक्षिप्त नांव ‘गाबा’. सालींतील स्वाभाविक निरोधाचें काम तेंच करतें, याचा भक्कम पुरावा क्रन्येविच व श्वार्ट्झ यांनीं १९६७ सालीं पुढें आणला.

सालींतील शंभर मज्जापेशींपैकीं सुमारें पंधरा-वीसच या आवरणाऱ्या जातीच्या असतात. कांहीं दुसऱ्या पेशीच्या अंगाभोंवतीं टोपलीसारखें जाळें विणतात, कांहीं तिच्या शाखांवर पहारा ठेवितात. त्या केवळ थांबवितात असें मात्र नव्हे. बैलास कासरा नसेल तर तास सरळ निघत नाहीं, तसेंच येथें आहे. दृष्टीच्या भागांतील अनेक पेशी ठराविक कलाच्या रेषेसच प्रतिसाद देतात. १९७५ सालीं सिलिटो यानें मांजराच्या मेंदूंत गाबाचें काम औषधानें रोखलें, तेव्हां त्यांतील पुष्कळ पेशी भलत्याच रेषांनाहि प्रतिसाद देऊं लागल्या. जोर वाढला आणि पारख गेली.

फेंफऱ्यांत हाच तोल ढळतो. असंख्य पेशी एकदम व एकतालांत चेततात. या व्याधीचीं कारणें अनेक आहेत, परंतु त्यांत भूत नाहीं आणि घराण्याचा कलंकहि नाहीं. १९१२ सालीं हाउप्टमान यानें तिच्यावर जें फेनोबार्बिटल वापरलें, तें गाबाचाच परिणाम दृढ करतें, हें पुष्कळ वर्षांनीं कळलें. आज बहुतेक रोग्यांचे झटके नियमित औषधानें आटोक्यांत राहतात. आमचा कायदा मात्र उलट दिशेस गेला. गाबाचें कार्य उमगल्यावर नऊ वर्षांनीं, १९७६ सालीं, हिंदु विवाह कायद्यांत दुरुस्ती करून वारंवार येणारें फेंफरें विवाहास बाधक ठरविण्यांत आलें. तो शब्द वगळावयास १९९९ साल उजाडावें लागलें. कायद्यानें वगळलें तें मांडवांतील कुजबुजींतून अजून गेलेलें नाहीं.

झटका आलेल्यास कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं कोंबूं नये, आणि पांच मिनिटांत तो न थांबल्यास इस्पितळ गांठावें. चप्पल व कांदा यांचें तेथें काम नाहीं. त्या दिवशीं आम्ही त्या आईस ‘सांगणार नाहीं’ एवढेंच म्हटलें, आणि तें पाळलेंहि. परंतु ‘ही लपविण्याजोगी गोष्ट नव्हे, मुलीस डॉक्टरांस दाखवा’ हें सांगावयास हवें होतें, तें मात्र आमच्या हातून राहून गेलें.