कार्यालयीन सामायिक उपकरणे : आरोग्यसुरक्षा

कार्यालयात अनेक व्यक्ती आळीपाळीने हाताळतात अशा दूरध्वनी, संगणकाचा कळफलक, मुद्रक, झेरॉक्स यंत्र, हजेरीयंत्र, उद्‌वाहकाची (लिफ्टची) बटणे, पिण्याच्या पाण्याची साधने इत्यादींच्या द्वारे रोगसंसर्ग होऊ नये म्हणून योजावयाच्या उपायांचा हा विषय आहे. २०२०–२३ मधील कोविड-१९ च्या महासाथीमुळे त्याला विशेष महत्त्व प्राप्त झाले. तथापि त्यामागील विचार शतकाहून जुना आहे.

पूर्वेतिहास : रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयजंतूचा शोध लावल्यानंतर सामायिक वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी बदलली. अमेरिकेत शाळा, आगगाड्या व कचेऱ्या यांतून पाण्याच्या पिंपाजवळ एकच पेला ठेवण्याची प्रथा होती. आल्विन डेव्हिसन या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९०८ मध्ये अशा पेल्यांवरील जंतूंकडे लक्ष वेधले. कॅनझस राज्याच्या आरोग्य मंडळाने सॅम्युएल क्रम्बाइन यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये आगगाड्या व शाळा यांतील सामायिक पेल्यास बंदी केली. कागदी पेल्याचा प्रसार त्यातूनच झाला. दूरध्वनीच्या मुखनळीविषयीही अशीच भीती होती. परंतु विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांत तिच्यातून क्षयाचा प्रसार होण्याचा संभव नगण्य आढळला. वस्तू सामायिक आहे एवढ्यावरून ती सारखीच धोक्याची ठरत नाही, ती ओठांना लागते की हातांना हेही पाहावे लागते, हा या दोन उदाहरणांचा बोध होय.

कोविड-१९ व पृष्ठभाग : जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या रोगाचे वर्णन महासाथ असे केले. त्याच महिन्यात अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हा विषाणू तांब्यावर सु. ४ तास, पुठ्ठ्यावर २४ तास, तर प्लॅस्टिक व अगंज पोलाद यांवर दोन ते तीन दिवसांपर्यंत टिकल्याचे आढळले. परिणामी कचेऱ्यांतून टेबले, बटणे, कागदपत्रे, किंबहुना माणसेही जंतुनाशकाने फवारली जाऊ लागली. व्यक्तींवर फवारणी करणे अपायकारक व निरुपयोगी असल्याचा इशारा भारताच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये दिला. प्रयोगशाळेत वापरलेली विषाणूची मात्रा प्रत्यक्षाहून पुष्कळ अधिक असल्याचा आक्षेप इमॅन्युएल गोल्डमन यांनी २०२० मध्ये घेतला. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रानेही एप्रिल २०२१ मध्ये, दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता सामान्यतः दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे नमूद केले.

कार्यालयाच्या दृष्टीने सेऊल येथील उदाहरण उद्बोधक आहे. मार्च २०२० मध्ये तेथील एका बहुमजली इमारतीत ९७ व्यक्ती बाधित आढळल्या; त्यांपैकी ९४ अकराव्या मजल्यावरील दूरध्वनी-सेवा केंद्रातील होत्या. तेथे २१६ कर्मचारी काम करीत. उद्‌वाहक व प्रवेशकक्ष सर्व मजल्यांना सामायिक असूनही रोग जवळजवळ एकाच मजल्यापुरता राहिला. दीर्घकाळ एकाच बंदिस्त हवेत, शेजारी शेजारी बसून बोलत राहणे हे बटणांच्या स्पर्शाहून अधिक घातक ठरले, असे यावरून दिसते.

उपाय : यावरून स्वच्छता अनावश्यक ठरत नाही, अतिसार व सर्दी यांसारखे अनेक रोग हातांवाटेही पसरतात. उपकरण हाताळल्यानंतर साबणाने हात धुणे किंवा मद्यार्कयुक्त द्रव चोळणे हा सर्वांत सोपा उपाय होय. विद्युत् उपकरण पुसण्यापूर्वी बंद करावे. द्रव त्यावर न फवारता सु. ७०% मद्यार्काने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावे व पृष्ठभाग काही काळ ओला राहू द्यावा. विरंजक द्रवाने धातू गंजतो. त्यात अम्ल किंवा अमोनियायुक्त द्रव मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतात. जंतुनाशक जंबुपार किरण छायेतील भागापर्यंत पोहोचत नाहीत, शिवाय डोळे व त्वचा यांना अपाय करतात. डोक्यावरील श्रवणयंत्र शक्यतो ज्याचे त्याला द्यावे. पायाने चालणारी किंवा स्पर्शाविना उघडणारी साधने वापरल्यास मूळ संपर्कच टळतो.

भारतातील अनुभव : केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये बोटांच्या ठशांवर चालणारी हजेरी स्थगित केली व ८ नोव्हेंबर २०२१ पासून ती पुन्हा सुरू केली. ती सुरू करताना यंत्राशेजारी हात निर्जंतुक करण्याचा द्रव ठेवणे, स्पर्शपट्टी वारंवार पुसणे, रांगेत सहा फुटांचे अंतर राखणे व यंत्र शक्यतो मोकळ्या हवेत बसविणे अशा अटी घातल्या. यंत्राबरोबरच त्याभोवतीच्या हवेचाही विचार या अटींत दिसतो. ओमिक्रॉन प्रकाराच्या प्रादुर्भावामुळे जानेवारी २०२२ मध्ये ही हजेरी पुन्हा काही काळ थांबवावी लागली.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे घोषित केले. पुसण्याचे काम दिसते, हवेचे दिसत नाही. त्यामुळे खर्च व श्रम पहिल्याकडे वळले आणि बंद खिडक्यांकडे दुर्लक्ष झाले. हे काम बहुधा अल्प वेतनाच्या सफाई कामगारांवर पडत असल्याने हातमोजे, द्रावणांची माहिती व मोकळी हवा त्यांनाही मिळणे हा या सुरक्षिततेचाच भाग मानला पाहिजे.