मोख्याचा बाजार

आमच्या नायगावात चहा हा शेजारी आणि कॉफी ही पाहुणी. चहाला कोणी बोलवावे लागत नाही. तो आपला आपण येऊन बसतो. कॉफी मात्र जावईबापू आले, किंवा दिवाळीच्या पहाटे फराळाची ताटे मांडली, म्हणजे जायफळ किसून, हात सैल सोडून साखर घालून केली जाते. पण वाचकहो, या पाहुणीचे माहेर शोधू गेले की वाट आपल्या मराठवाड्याच्या दारावरूनच जाते.

हे माहेर म्हणजे हबसाण, आजचा इथिओपिया. तिथल्या नैर्ऋत्येच्या रानांत कॉफीचे झाड आपोआप उगवते. तांबडा समुद्र ओलांडून ते येमेनात आले. पंधराव्या शतकात तिथले सूफी फकीर रात्रीच्या जपात डोळा लागू नये म्हणून तिचा काढा घेत. त्यालाच 'कहवा' म्हणत. पुढे हा माल मोखा बंदरातून देशोदेशी निघाला आणि बंदराचे नावच त्याला चिकटले. आज शहरात 'मोका' मागणाऱ्या तरुणांना ते बंदर ठाऊक असतेच असे नाही.

मोख्याच्या बाजारात माणसेही विकली जात. सोळाव्या शतकात चापू नावाचा एक हबशी पोरगा तिथे ऐंशी गिल्डरांना विकला गेला, अशी पीटर फान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्याची नोंद आहे. तिथून तो बगदादला गेला. तिथल्या धन्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. अखेर १५७० नंतरच्या काही वर्षांत निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हाच आपला मलिक अंबर! त्याने खडकी वसवली, जिचे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. तिला नहरीचे पाणी दिले. आणि गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले.

योगायोग पाहा. हा ब्रुके स्वतः मोख्याला जाऊन आलेला होता, आणि १६१७ साली सुरतेहून खुष्कीने मच्छलीपट्टणला जाताना तो अंबरच्या छावणीत आला. त्याच वर्षी अंबराविरुद्धच्या मोहिमेसाठी जहांगीर बादशहा मांडूला तळ देऊन होता. इंग्रज वकील सर टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी याने लिहून ठेवले आहे, की या देशातले धर्मनिष्ठ लोक मद्याला शिवत नाहीत. ते काळ्या बिया उकळून केलेले पेय पितात, आणि त्याने अन्न पचते व मन हुशार होते.

पुढे बाबा बुदन या फकिराने सात बिया लपवून आणून चिकमगळूरच्या डोंगरात पेरल्या, अशी कथा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी मलबारातून रोपे जाव्याला नेली. इंग्रजी अमदानीत कॉफी वऱ्हाडातल्या चिखलदऱ्यावरही लागली. तिथे ती आजही होते.

परंतु दाण्यामागोमाग माणसाचीही विक्री चालूच राहिली. अठराव्या शतकात फ्रेंचांच्या सँ-दोमँग बेटावर, म्हणजे आजच्या हैतीत, कॉफीचे मोठे पीक निघे. ते काढीत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. १७९१ साली ते बंड करून उठले आणि १८०४ साली स्वतंत्र झाले. युरोपातल्या कॉफीघरांत मात्र स्वातंत्र्यावर वाद घालणाऱ्यांच्या पेल्यात याच मळ्यांची कॉफी असे.

वर्गात मलिक अंबर शिकवताना मी मुलांना आधी हे ऐंशी गिल्डर सांगतो, मग त्याच्या लढाया. ज्याची किंमत बाजाराने ठरवली, त्याची योग्यता बाजाराला कळली नव्हती, हे मुलांना न समजावताच उमगते. १६२६ साली तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. दिवाळीच्या सुटीत वेरूळला जाल, तर तेवढी वाट वाकडी करा. आणि घरी परतल्यावर कॉफीचा पेला हाती घेताना मुलांना मोख्याच्या त्या पोराची गोष्ट सांगा.