मुंबईच्या उपनगरात शॉर्टवेव्ह रेडिओ घेताय? आधी घरातली खरखर तपासा

अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाली. रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं, प्रसारण श्रीलंकेतून, आणि मुंबईकर ते पुन्हा शॉर्टवेव्हवर ऐकायचे. त्या आठवणीपोटी आज कुणी घरातल्या आजोबांसाठी ऑनलाइन ‘वर्ल्ड रेडिओ’ मागवतं. अंधेरीच्या चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये तो लावला जातो आणि ऐकू येते फक्त खरखर. माल खराब निघाला म्हणून रेडिओ परत जातो. बऱ्याचदा रेडिओत काहीच बिघाड नसतो.

पहिला प्रश्न, ऐकायचं काय? बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. आकाशवाणीनेही आपले बहुतेक शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर गुंडाळले. मराठी कार्यक्रमच हवे असतील तर शॉर्टवेव्हवर पैसे घालवू नका. अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला आहे, त्यासाठी साधा रेडिओ पुरतो. शॉर्टवेव्हवर आज उरलेत ते चायना रेडिओ इंटरनॅशनल, बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसची इंग्रजी सेवा, काही परदेशी आणि धार्मिक केंद्रं आणि हॅम मंडळींच्या गप्पा. यात रस असेल तरच पुढचा खर्च.

आता खरखरीचं कारण. शॉर्टवेव्ह लहरी पृथ्वीच्या वर असलेल्या आयनोस्फिअरवरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर येतात, त्यामुळे पोहोचेपर्यंत क्षीण झालेल्या असतात. त्याच पट्ट्यात घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि वायफाय राउटरचा अडॅप्टर कचरा सोडतात. त्यात भर सिमेंट-काँक्रीटच्या भिंतींची आणि सोसायटीच्या लिफ्टची. पन्नास वर्षांपूर्वी बोरिवलीच्या बैठ्या घरात यातलं जवळपास काहीच नव्हतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. रेडिओ सेलवर लावा आणि घराचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करा. आवाज स्वच्छ झाला तर चोर घरातच आहे. एकेक उपकरण चालू करत गेलं की सापडतो. फरक पडला नाही तर गच्चीवर जा. तिथे केंद्रं लागली तर रेडिओ उत्तम आहे, जागा वाईट आहे. ही चाचणी परताव्याची मुदत संपायच्या आत करा.

विकत घेताना डब्यावरच्या ‘८ बँड’, ‘१२ बँड’ला भुलू नका. सुईवाल्या स्वस्त रेडिओत अख्खा ३१ मीटर बँड बोटभर जागेत कोंबलेला असतो आणि केंद्रं एकमेकांपासून अवघ्या ५ किलोहर्ट्झवर असू शकतात. ब्लूटूथ आणि टॉर्चसाठी पैसे मोजण्यापेक्षा आकडे दाखवणारा डिजिटल ट्यूनर बघा. वेळापत्रकातली फ्रिक्वेन्सी थेट लावता येते, हा मोठा फायदा. दुसरी गोष्ट बाहेरच्या एरियलची खाच. टेकसन पीएल-३१०ईटी, टेकसन पीएल-३३० आणि एक्सएचडेटा डी-८०८ या तिन्हींत दोन्ही सोयी आहेत. हॅम गप्पांसाठी एसएसबी लागतं. ते पीएल-३१०ईटीत नाही, बाकी दोघांत आहे. पीएल-३३० ला जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी बॅटरी चालते, हे मुंबईत फारच सोयीचं. हे रेडिओ आयात होतात, म्हणून कस्टम ड्यूटी धरूनच किंमत बघा.

मालाड-कांदिवलीकडच्यांनी एक लक्षात ठेवावं. आकाशवाणीचे मीडियम वेव्ह ट्रान्समीटर मालाडला आहेत. जवळच्या एवढ्या दणकट सिग्नलमुळे स्वस्त रेडिओत एकच केंद्र नको तिथेही वाजू शकतं.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळ, रेडिओ हातात घेऊन बघता येतो. मुलुंड-घाटकोपरवाल्यांना दादरला गाडी बदलावी लागेल. मात्र भर दुपारी एलईडीने झगमगणाऱ्या दुकानात शॉर्टवेव्हची परीक्षा घेऊ नका. तिथे बटणं, स्पीकर, एरियलची कांडी आणि सेलचा खण तपासा. ऐकण्याची परीक्षा संध्याकाळी, गोराईच्या किनाऱ्यासारख्या मोकळ्या जागी.

घरी ऐकताना चार्जर काढून ठेवा आणि खिडकीशी बसा. पाचेक मीटर साधी वायर खिडकीबाहेर सोडून एरियलला चिमट्याने जोडली तरी पुष्कळ फरक पडतो. त्याहून लांब वायरने छोटे रेडिओ उलट गोंधळतात. दिवसा १९ आणि १६ मीटर, अंधार पडल्यावर ३१, ४१ आणि ४९ मीटर शोधा. केंद्रांच्या फ्रिक्वेन्सी मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात, त्यामुळे काल लागणारं केंद्र अचानक गायब झालं तर आधी नवं वेळापत्रक पाहा. आणि पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की ती वायर लगेच काढून घ्या.