घंटा, बिनडायलचा फोन आणि वॉकी-टॉकी

१/ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्या दुपारी एक महत्त्वाचा निरोप शब्दांत पोहोचलाच नाही. आजचा धागा त्या निरोपाविषयी आणि पुढे जवानांच्या हाती आलेल्या वॉकी-टॉकीविषयी.

२/ ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज १२ एप्रिलला गोदीत लागले. त्यावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. स्फोटकांची सूचना देणारे लाल निशाण मात्र जहाजावर लावलेले नव्हते. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर येताना दिसला.

३/ स्फोटाच्या वृत्तांतांत पुढचा प्रसंग नोंदलेला आढळतो. नियंत्रण कक्षाला परिस्थितीचे गांभीर्य कळवण्यासाठी एक कर्मचारी धावत दूरध्वनीकडे गेला. त्या दूरध्वनीला डायलच नव्हती. तेव्हा त्याने जवळच्या आगसूचक यंत्राची काच फोडली. वर्दी गेली, आणि नेहमीच्या वर्दीला निघतात तसे दोन बंब निघाले.

४/ आगसूचक यंत्राची मर्यादा येथे उघड होते. ते ‘आग लागली आहे’ आणि ‘अमुक ठिकाणी’ एवढेच सांगू शकते. ‘जहाजावर स्फोटके आहेत’ हे वाक्य त्याच्या भाषेत नाही. बंबांसोबतचे अधिकारी प्रत्यक्ष पोहोचल्यावर त्यांना धोका उमगला आणि अधिक कुमक मागवली गेली. तोवर मोलाची मिनिटे निघून गेली होती.

५/ तथापि सगळा दोष त्या दूरध्वनीच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. धक्क्यावर जहाजाचा कप्तान, अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स, दारूगोळा खात्याचा अधिकारी आणि गोदीचे व्यवस्थापक एकत्र आले होते. जहाज बुडवावे, बाहेर ओढून न्यावे की पाणी मारत राहावे? मते अनेक होती, पण सर्वांवर बंधनकारक असा निर्णय देणारा कोणी नव्हता.

६/ ३.५० वाजता जहाज सोडण्याचा आदेश झाला. ४.०६ वाजता पहिला महास्फोट झाला आणि ४.३४ च्या सुमारास दुसरा. शिमल्याच्या भूकंपमापकावरही या हादऱ्याची नोंद झाली. मृतांचे अंदाज सुमारे ८०० पासून १,३०० पर्यंत जातात.

७/ त्याच १९४४ साली युरोपातील रणभूमीवर अमेरिकी सैनिक हातात मावणारा रेडिओ वापरत होते. पुढे मोटोरोला या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीचा हा ‘हँडी-टॉकी’ सुमारे सव्वादोन किलोचा होता आणि जमिनीवर त्याचा पल्ला जेमतेम मैलभर होता. पाठीवर वाहून न्यायच्या मोठ्या संचाला ‘वॉकी-टॉकी’ म्हणत. कालांतराने हेच नाव हातातल्या संचाला चिकटले.

८/ युद्धानंतर निर्वात नलिकांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. १९६२ मध्ये मोटोरोलाने एक किलोहून हलका, पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा संच आणला. असे संच हळूहळू जगभरच्या अग्निशमन दलांत रुळले. यांतील मुख्य सोय अशी की बटण दाबून एकाने बोलावे आणि त्या वाहिनीवरील सर्वांनी एकाच वेळी ऐकावे. दूरध्वनीवर निरोप एकालाच मिळतो, येथे तो साऱ्या पथकाला मिळतो.

९/ पण काँक्रीट आणि पोलाद यांच्या आड रेडिओलहरी क्षीण होतात. म्हणून उंच इमारतींत ‘रिपीटर’ बसवतात. तो क्षीण संदेश पकडून अधिक शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करतो. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर तो बसवला होता.

१०/ ११ सप्टेंबर २००१ रोजी तो चालू असूनही उत्तर मनोऱ्यातील प्रमुखांना बंद वाटला, कारण त्यांच्या संचावरचे एक बटण दाबलेले नव्हते. दक्षिण मनोरा ९.५९ ला कोसळला, उत्तर मनोरा १०.२८ ला. मधल्या २९ मिनिटांत बाहेर पडण्याचे आदेश रेडिओवरून गेले. अनेकांना ते ऐकूच आले नाहीत. ज्यांना ऐकू आले त्यांतील काहींना शेजारचा मनोरा पडल्याचे ठाऊक नव्हते. त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशमन विभागाचे ३४३ जण गेले.

११/ मुंबईत शब्द नेणारे साधन नव्हते. न्यूयॉर्कमध्ये साधन होते, पण शब्द सर्वांपर्यंत गेला नाही. संदेशवहनाला तीन गोष्टी लागतात: नेमके सांगणारा, ठाम निर्णय घेणारा आणि ऐकू येईल अशी खात्रीची वाट. वॉकी-टॉकी यांपैकी फक्त तिसरीला हातभार लावतो, तोही त्याची नियमित चाचणी आणि सराव होत असेल तरच.

१२/ हा विषय आम्हा वडनेरकरांना दूरचा नाही. आमच्याच वर्धा जिल्ह्यात, पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटेपूर्वी आग भडकली आणि मृतांत अग्निशमन कर्मचारीही होते. १४ एप्रिलला आपण जवानांच्या शौर्याला वंदन करतो, ते योग्यच आहे. त्यासोबत आपल्या गावच्या, तालुक्याच्या दलाला एक प्रश्नही विचारावा: आत गेलेल्या जवानाला ‘मागे फिरा’ हे कोण सांगणार, आणि ते त्याला ऐकू येईल ना?

धागा समाप्त.